भरमू आचाऱ्याचा केसपेपर

माझ्या पुढं उभ्या असलेल्या माणसानं माझा मेलेला माणूस पळवला. तो पळवला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो आहे.

जयसिंगपूरच्या नवव्या गल्लीत मिणचे डॉक्टरांचा कातडीचा दवाखाना होता. तिथं नाव सांगायच्या खिडकीपुढं आम्ही दोघेच उभे होतो. घरून निघतानाच मी नाव ठरवून आलो होतो: बाबगोंडा सातगोंडा पाटील. जकात नाक्यावरचे कारकून, वारून चार वर्षं झालेली, मागं रडायला कुणी नाही. इतका सोयीचा माणूस शोधायला मला दोन दिवस लागले होते. आणि पुढचा गृहस्थ खिडकीशी वाकून खणखणीत आवाजात म्हणाला, "बाबगोंडा सातगोंडा पाटील."

आतून इलाही कंपाउंडर म्हणाला, "पाटलांचा केसपेपर आहे. मागच्या महिन्यात खरूज होती."

"तीच," गृहस्थ म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला.

मग मी वाकलो. "नाव?" इलाहीनं विचारलं. डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. आदल्या दिवशी मी आणि माझे वडील, आप्पा, बहिणीच्या लग्नाचा स्वयंपाक ठरवून आचाऱ्याच्या हातात नारळ देऊन आलो होतो. जिभेवर तेच नाव होतं.

"भरमगोंडा नांद्रे," मी म्हणालो.

"वडिलांचं?"

"तवनाप्पा."

पेन कुरकुरलं आणि एक नंबराचा बिल्ला बाहेर आला.

आता ही पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर मी भलताच लबाड वाटेन. मी लबाड होतोच, पण चारचौघांइतका. मिणचे डॉक्टरांच्या दवाखान्यात आपलं खरं नाव कुणीच सांगत नसे. दात दुखला तर माणूस गल्लीभर सांगत हिंडतो, मूळव्याधसुद्धा जवळच्या माणसाला सांगतो. पण कातडीचं काही झालं की घरात लग्नाच्या मुली आहेत हे आधी आठवतं. डॉक्टरांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी नाव सांगायची खिडकी मुद्दाम कमरेच्या उंचीवर पाडून घेतली होती. इलाहीला फक्त हात दिसायचे. मान वर करून चेहरा बघायचा नाही, हा त्याला नोकरीच्या पहिल्या दिवशी दिलेला हुकूम होता आणि इलाही हुकमाचा पक्का होता. पत्ता तो विचारतच नसे. एक खोटं पुरे आहे, दुसरं कशाला लिहून घ्यायचं, असं डॉक्टर म्हणायचे. त्यामुळे त्या दवाखान्याच्या पेटीत आमच्या गावची एक वेगळीच खानेसुमारी होती. मेलेल्या माणसांना तिथं नायटे व्हायचे. एका कीर्तनकारांना तर वारल्यावर अकरा वेळा गजकर्ण झालं होतं.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, शाळेत मराठी शिकवणारा, बिनलग्नाचा. गॅदरिंगला विनोदी नाटुकली बसवायचो, त्यामुळे गावात मास्तर म्हणजे वात्रट माणूस असा लौकिक होता. माझ्या डाव्या कोपराच्या जरा वर रुपयाएवढा फिकट डाग उठला होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता. मला तेच बरं वाटत होतं.

डॉक्टरांना तेच बरं वाटलं नाही. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात हातावर टेकवत, "लागलं की बोला," म्हणाले. मी अंदाजानं "लागलं, लागलं," म्हणत होतो. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मास्तर, उघडा डोळे. गेली दोन मिनिटं मी नुसता बसून आहे." मग त्यांनी कोपरामागची शीर चाचपली, करंगळीला टाचणी टोचली. टाचणी मला दिसली. टोचल्याचं काही कळलं नाही.

त्यांनी रोगाचं नाव सरळ घेतलं. कुष्ठ. आमच्याकडं त्याला महारोग म्हणतात आणि म्हणतानासुद्धा आवाज खाली येतो. डॉक्टरांचा आवाज खाली आला नाही. ते म्हणाले, अगदी सुरुवात आहे, सहा महिने गोळ्या घ्यायच्या, शीर सुधारेल, डाग जाईल. पहिला डोस पोटात गेला की तुमच्यापासून कुणाला काही व्हायचं नाही. बहिणीच्या लग्नात पंगतीत वाढलंत तरी चालेल. गोळ्या सरकारी होत्या. मला सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून त्या ते स्वतः मागवून घ्यायचे. दर महिन्याला त्यांच्यासमोर एक लाल कॅप्सूल गिळायची, बाकीच्या घरी. "लघवी लाल होईल, घाबरू नका," एवढं सांगून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचं मला फार बरं वाटलं. अजून वाटतं.

पण सरकारी गोळ्या आल्या की सरकारी फॉर्म आला, आणि सरकारी फॉर्मवर पत्त्याचा रकाना असतो.

इलाही टापटिपीचा माणूस. त्यानं पेटीत बघितलं, तर भरमगोंडा तवनाप्पा नांद्रे या नावाचा एक जुना केसपेपर निघाला. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, पाण्यात काम, मलम दिलं. आणि वर, न विचारता सांगितलेला, पत्तासुद्धा: दहावी गल्ली, पाण्याच्या टाकीमागं, घर नंबर चौदा. सबंध पेटीतला पत्ता असलेला तो एकुलता एक कागद होता. इलाहीला बरंच वाटलं असणार. त्यानं नवा कागद जुन्याला टाचला, पत्ता फॉर्मवर उतरवला आणि सह्यांच्या गठ्ठ्यात ठेवून दिला. डॉक्टरांनी गठ्ठ्यावर सह्या केल्या.

सगळ्या गावात मिणचे डॉक्टरांकडं स्वतःच्या खऱ्या नावानं गेलेला माणूस एकच होता, आणि नेमकं त्याचंच नाव मी सांगितलं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कुष्ठरोग पथकाचा माणूस सायकलवरून दहाव्या गल्लीत आला. माणूस नेक होता. चौदा नंबर सापडेना म्हणून त्यानं तीन दारांत विचारलं, महारोगाचा पेशंट भरमगोंडा नांद्रे कुठं राहतो. तो घरी पोचायच्या आधी गल्ली पोचली होती. भरमू अंगणात कढईपाशी होता. कुणाच्या तरी बारशाचे बुंदीचे लाडू चालले होते. तो वळायचा आणि त्याची विधवा बहीण आक्काताई परातीत रचायची.

मी तिथं नव्हतो. पण पुढं मला हे इतक्या जणांनी सांगितलं की मी असल्यासारखंच आहे. पथकाच्या माणसानं कागद वाचला: डाव्या कोपरावर डाग. भरमूनं फडक्याला हात पुसून दोन्ही कोपरं पुढं केली. डाग नव्हता. मग पाठ बघितली, पाय बघितले, टाचणी टोचली तेव्हा भरमूनं हात झटकन मागं घेतला. त्या माणसानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ह्यांना काही नाही, कागदात काहीतरी घोटाळा आहे. हे त्यानं दोनदा सांगितलं म्हणे. पण चाळीस माणसांनी त्याचं पहिलं वाक्य ऐकलं होतं आणि ती तेवढं घेऊन घरोघर गेली होती. बारशाचे लाडू न्यायला कुणी आलं नाही.

आठवडाभरात मे महिन्याची सगळी लग्नं भरमूच्या हातून गेली. कुणी भांडलं नाही. आमच्या गावात असल्या बाबतीत फार सभ्यपणे वागतात. कुणाच्या व्याह्यांनी स्वतःचा आचारी आणायचा हट्ट धरला होता, कुणाचं लग्न एकदम साधेपणानं करायचं ठरलं होतं.

दुसरी लाल कॅप्सूल घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि टाचलेले दोन कागद माझ्यापुढं ठेवले. मला वाटलं ते रागावतील. ते रागावले नाहीत, त्यानं जास्त त्रास झाला. म्हणाले, चूक माझी आहे, सही माझी आहे. भरमू येऊन गेला. त्याला मी एवढंच सांगितलं की कुणीतरी तुझं नाव वापरलं. कुणी ते सांगायचा मला अधिकार नाही. मग ते स्वतः दहाव्या गल्लीत गेले होते. भरसकाळी अंगणात उभं राहून त्यांनी भरमूच्या हातचा लाडू खाल्ला होता आणि हा माणूस निरोगी आहे असं जमलेल्या लोकांना सांगितलं होतं.

"मग?" मी विचारलं.

"लोक म्हणाले, डॉक्टरला काय होतंय, त्याच्याकडं औषध आहे." ते थोडं हसले. "आणि खरं सांगू का, माझ्या शब्दाला गावात किंमत नाही. हा माणूस लपवतो म्हणूनच तर लोक माझ्याकडं येतात. आता मी काही नाही म्हटलं की त्यांना वाटतं, म्हणजे आहे."

मी कॅप्सूल हातात धरून बसलो होतो.

"तुम्ही बोललात तर होईल," ते म्हणाले. "कागदावर डाग कोपरावर आहे. तो तुमच्या कोपरावर आहे. विषय मिटतो."

"बहिणीचं लग्न आहे, डॉक्टर. चौदा मे."

"माहीत आहे."

"महारोग्याच्या घरातली मुलगी म्हटल्यावर ते लोक—"

"माहीत आहे मास्तर. मी जबरदस्ती करत नाही. पाणी घ्या, गिळा."

मी गिळली.

घरी आप्पांचा वेगळाच घोर चालला होता. भरमूला नारळ आम्ही दिलेला होता आणि आप्पा शब्दाला जागणारे. त्यांनी बेळगावकडच्या व्याह्यांना विचारून घ्यायचा विचार केला, आईनं तो हाणून पाडला. शेवटी आप्पा माझ्याकडं वळले. तू शिकलेला आहेस, म्हणाले, महारोग असा हातानं पसरतो का रे? जगात त्या क्षणी ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं खात्रीनं कुणालाच देता आलं नसतं. मी म्हणालो, सांगता येत नाही, आप्पा. मग त्यांनी सांगलीचा आचारी बघायला सांगितला आणि भरमूला निरोप द्यायचं काम माझ्यावर टाकलं. "तू गोड बोलतोस," म्हणाले. "त्याला वाईट वाटणार नाही असं सांग."

मी भर दुपारी गेलो. उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालणारा गावात मी एकटाच असेन. भरमू अंगणात रिकाम्या कढया पालथ्या घालून बसला होता. पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा, कायम वाफेत राहून तोंडाला तांबूस रंग आलेला. मला बघून उठला.

"या मास्तर. आप्पांनी पाठवलं न्हवं? बसा. आधी चा घ्या, मग सांगा काय सांगायचं ते."

त्यानं स्वतःच चूल पेटवली. आक्काताई आतून बघत होती. चहाचा स्टीलचा पेला त्यानं फडक्यात धरून आणला, बशी देऊ का विचारलं. बशीची काही गरज नाही, मी म्हणालो, आणि पेला हातात घेतला. त्याच्या हातचा चहा मी घेतला याचं मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. त्याच कौतुकात मी बोलायला लागलो. व्याह्यांचा हट्ट, सांगलीचा आचारी, आमचा नाइलाज, पुढच्या वेळी नक्की. मी खरंच गोड बोलतो. भरमू मान हलवत होता. मग त्याची मान हलायची थांबली.

"मास्तर, पेला खाली ठेवा."

"का?"

"आत्ता उकळीतनं काढलाय. मी फडक्यानं धरून आणला." तो माझ्या डाव्या हाताकडं बघत होता. "भाजलंय तुम्हाला."

मी पेला ठेवला. करंगळीखालची कड लालभडक झाली होती. जरा वेळानं तिथं फोड आला. आम्ही दोघं त्या फोडाकडं बघत बसलो.

मला वाटलं तो आता ओरडेल. गल्ली जमा करेल. तसं त्यानं केलं असतं तर आज मी त्याला शिव्या देत सुखानं जगलो असतो. तो उठला, आतून तुपाची वाटी आणली, माझ्यापुढं ठेवली आणि परत जागेवर बसला.

"बाही वर करा म्हणणार न्हाई मी," तो म्हणाला.

मी तूप लावलं. काहीतरी बोलायचं म्हणून, किंवा खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून, मी विचारलं, "भरमाण्णा, तुम्ही तिथं स्वतःचं नाव कशाला सांगितलंत? कुणीच सांगत नाही."

"मग कुणाचं सांगू?" त्याला प्रश्नच कळला नव्हता. "बोटं माझीच हुती."

आत भांडं वाजलं. आक्काताई दारातून बाजूला झाली असावी.

"कवा सांगतासा लोकास्नी?" त्यानं विचारलं.

"लग्न होऊ द्या. रत्नप्रभाचं."

"होऊ दे की. पोरीचं वाटोळं कशाला." त्यानं खरोखर विचार करून हे म्हटलं. "लगीन झाल्यावर चार माणसांत सांगा. माझ्या तोंडानं सांगून उपेग न्हाई, आपलं झाकायला मास्तरावर घालतोय म्हणतील. तुम्हीच सांगा. तवर मी बोलणार न्हाई."

"शब्द देतो," मी म्हणालो.

"बास मग."

आणि मग, मी उठायला लागलो तर त्यानं मला परत बसवलं. सांगलीच्या आचाऱ्याला आमच्या लोकांची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, जमायची नाही अशी त्याला काळजी होती. गहू कधी भिजवायचा, किती कांडायचा, आठशे माणसांना गूळ किती आणि तो कोणत्या वेळी टाकायचा, हे त्यानं मला दोनदा सांगितलं आणि एकदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. आतापर्यंत मी हजारो मुलांकडून कविता म्हणवून घेतल्या, पण कुणी माझ्याकडून काही पाठ करून घेतलं असेल तर ते भरमूनं.

लग्न छान झालं. हुग्गीची सगळ्यांनी तारीफ केली. रत्नप्रभा सासरी गेली आणि मी भरमूकडं जायला निघालो. निघालो म्हणजे तसं मनात आलं. पण नुकतीच सासरी गेलेली मुलगी, तिचं तिथं बस्तान तरी बसायला हवं. तिचं बसलं तोवर मला मुली सांगून यायला लागल्या. बाजारात भरमू दिसला तेव्हा मी त्याला कडेला घेऊन सांगितलं, माझं एवढं उरकू दे. तो म्हणाला, "उरका की." माझं उरकलं. मग रत्नप्रभाला दिवस गेले. मग मला मुलगा झाला. कुठल्याही माणसाच्या आयुष्यात सतत काही ना काही शुभ चालू असतं, हे मला त्या वर्षांत कळलं.

दरम्यान मी बरा झालो होतो. सहाव्या महिन्यात डाग विरघळल्यासारखा गेला. नंतर एक दिवस विडी पेटवताना काडीचा चटका करंगळीला बसला आणि मी आनंदानं दचकलो. मिणचे डॉक्टरांनी हात बघितला, छान म्हणाले. पाठीवर थाप मात्र मारली नाही. पुढं त्यांनी त्या विषयावर मला एका अक्षरानं कधी विचारलं नाही.

भरमूच्या कढया मोडीत गेल्या. तो तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जाऊ लागला. तिथं तोंडाला फडकं बांधूनच बसतात, कुणाला कुणाचं काही वाटत नाही. गल्लीतली माणसं त्याच्याशी बोलायची, विचारपूस करायची, फक्त त्याच्या हातचं पाणी घ्यायची नाहीत. असं करता करता एकवीस वर्षं गेली आणि ह्या वागण्याची सगळ्यांना सवय होऊन गेली. त्याला झाली होती की नाही, माहीत नाही. भेटला की तो थांबायचा. काही विचारायचा नाही, नुसता थांबायचा. मीच सांगायचो. मुख्याध्यापकपदाचं आहे. आप्पा आजारी आहेत. शेवटचं भेटलो ते भाजी मंडईत, फेब्रुवारीत. मी म्हणालो, शाळा चालू असताना नको, पोरांच्या मनावर परिणाम होतो. उन्हाळ्याची सुट्टी लागली की सांगतो. "बराबर हाय," तो म्हणाला आणि पिशवी उचलून गेला.

तो मार्चमध्ये वारला.

आमच्या भागात रक्षाविसर्जनाला गल्ली जमते आणि कुणीतरी शहाणा माणूस चार शब्द बोलतो. तो मान बहुतेक वेळा माझाच असे. मी उभा राहिलो. शे-सव्वाशे माणसं असतील. मी नेहमीसारखी सुरुवात केली, आणि मग काय झालं कोण जाणे, मी थांबलो आणि सगळं सांगून टाकलं. खिडकी, नाव, डाग, चहाचा पेला, दिलेला शब्द. काही लपवलं नाही. महारोग भरमूला कधीच नव्हता, मला होता, असं स्पष्ट म्हणालो.

मग मागून कुणीतरी हसलं, अर्धवट, दाबून. मास्तरांच्या बोलण्यात कुठंतरी हसायची जागा येते, ही लोकांना वीस वर्षांची सवय. मी सदऱ्याची बाही वर केली आणि म्हणालो, इथं होता डाग. पुढं बसलेले नेमिनाथकाका चष्मा सावरून जवळ आले, त्यांनी माझं कोपर उलटंसुलटं करून बघितलं.

"मास्तर, हात तर लोण्यासारखा आहे," ते म्हणाले.

मिणचे डॉक्टर वारून सात वर्षं झाली होती. जाताना त्यांनी पेटीतले सगळे कागद जाळायला लावले होते. इलाही मात्र गर्दीत उभा होता, पिकलेल्या दाढीचा. मी त्याला म्हणालो, इलाही, तू सांग, तो मी होतो. इलाही अवघडला. म्हणाला, "सर, मी कधी कुणाचा चेहरा बघितलाच नाही. डॉक्टरांचा हुकूम होता तो."

मग आमचे नगरसेवक धनपाल मगदूम उठले. ते म्हणाले की मेलेल्या माणसाचा डाग स्वतःच्या अंगावर घ्यायला काळीज लागतं. भरमूला आयुष्यभर ज्या रोगानं गांजलं, तो माझाच म्हणून सांगणारा असा शिक्षक आपल्या गावाला लाभला. दोनतीन जणांनी डोळे पुसले. मी "अहो, खरं आहे हे," म्हणत होतो, आणि जितक्यांदा म्हणत होतो तितका मी त्यांच्या नजरेत मोठा होत होतो. शेवटी मी बसलो.

तिथून मी भरमूच्या घरी गेलो. आक्काताई भिंतीला टेकून बसली होती. बातमी माझ्याआधी पोचली होती, ते तिच्या तोंडावरून कळलं.

"तुम्हाला तरी पटलं ना, आक्काताई?" मी विचारलं.

"मला काय पटायचं हाय? त्या दिवशी आतच हुते की मी."

"मग इतकी वर्षं तुम्ही कुणाला का बोलला नाही?"

"त्यानं बोलू दिलं न्हाई. म्हणायचा, मास्तरांनी शब्द दिलाय, तेच सांगतील." तिनं पदरानं तोंड पुसलं. रडत नव्हती, नुसतं पुसलं. "शेवटी शेवटी शुद्ध न्हवती धड. पण रोज विचारायचा, शाळेला सुट्टी लागली का गं."

मी उंबऱ्याशी उभा होतो. तिनं बसा म्हटलं नाही.

पुढच्या महिन्यात मगदूम शाळेत आले. गावातर्फे माझा जाहीर सत्कार करायचं ठरलं होतं, शाल, मानपत्र, आठशे माणसांचं जेवण. मी नको म्हणालो. एकदाच म्हणालो.